‘उन्हाळी लागली’ हे पोस्टरवर कधी येणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आरोग्य व्यवसाय शिक्षणातील संशोधनावर नुकत्याच भरलेल्या वार्षिक परिषदेची बातमी आपल्या अंकात वाचली. दीपप्रज्वलनापासून आभारप्रदर्शनापर्यंत सगळं आलं होतं. अशाच एका परिषदेला काही वर्षांपूर्वी मीही जाऊन आले, म्हणून हे पत्र. तेव्हा मी सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवणारी सिस्टर होते, आता निवृत्त आहे.

नोंदणीच्या टेबलावर बिल्ला हातात आला तर माझ्या नावाआधी ‘डॉ.’ छापलेलं. तिथल्या मुलाला सांगितलं, तर म्हणाला, ‘मॅडम, सगळ्यांचंच तसं छापलंय.’ मी पर्समधला मायक्रोपोर काढला, त्या ‘डॉ.’वर पट्टी चिकटवली आणि तीन दिवस तशीच फिरले. त्याच्याकडे तरी दुसरं काय उत्तर असणार? सभागृहात डॉक्टर नसलेले आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होतो.

या विषयाला पूर्वी सरसकट ‘वैद्यकीय शिक्षण’ म्हणत. पुढे लक्षात आलं की रुग्ण एकट्या डॉक्टरच्या हातून बरा होत नाही. १९७२ मध्ये कोपनहेगनला स्थापन झालेल्या, वैद्यकीय शिक्षणाचं काम करणाऱ्या युरोपातल्या संघटनेच्या मूळ नावात ‘मेडिकल’ आहे, पण आज तीही आपली ओळख आरोग्य व्यवसाय शिक्षणाची संघटना अशीच करून देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये निरनिराळ्या आरोग्य शाखांच्या विद्यार्थ्यांनी एकमेकांबरोबर आणि एकमेकांकडून शिकावं, असा आराखडाच मांडला. आपल्याकडेही परिषदांच्या फलकावरचं नाव बदललं. आतल्या खुर्च्यांवर मात्र बहुतेक तेच लोक.

परिषद वाईट होती असं मुळीच नाही. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात २००५ मध्ये ‘फायमर’ या वैद्यकीय शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या अमेरिकी संस्थेचं प्रादेशिक केंद्र सुरू झालं. तिथे येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आपल्या कॉलेजातला एखादा शैक्षणिक प्रश्न घेऊन त्यावर प्रकल्प करावा लागतो. त्या शिस्तीत तयार झालेली माणसं बोलायला उभी राहिली की ऐकत राहावंसं वाटतं. ‘ऑस्की’वरची कार्यशाळा तर मी कधी विसरणार नाही. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डॉ. हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ही परीक्षापद्धत. विद्यार्थी ठरावीक मिनिटांनी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जातो, प्रत्येक ठिकाणी एक काम करून दाखवतो आणि परीक्षक यादी बघून गुण देतो. परीक्षकाच्या मर्जीवर फारसं काही राहत नाही.

त्यातल्या एका टेबलावर ‘संवाद’ तपासायचा होता. रुग्ण म्हणून एका तरुण डॉक्टरला बसवलेलं. तो स्वच्छ इंग्रजीत आपल्या छातीत दुखण्याचं वर्णन करत होता: कधी सुरू झालं, कुठे पसरतं, कशाने वाढतं. असा रुग्ण माझ्या नोकरीत मला एकदाही भेटला नाही.

आमच्या वॉर्डात आलेली म्हातारी म्हणाली होती, ‘छाती भरून आलीया बघ, हातपाय गळाल्यात.’ केस पेपर लिहिणारा विद्यार्थी परराज्यातला, हुशार आणि कष्टाळू. त्याने ‘भरून’ ऐकलं आणि छातीत कफ असं लिहून टाकलं. ड्यूटी बदलताना ओव्हर देणाऱ्या सिस्टरने कागद वाचला, म्हातारीच्या कपाळावरचा घाम बघितला आणि रेसिडेंटला हाक मारली. ईसीजी निघाला, पुढचं सगळं वेळेत झालं. त्या मुलाचा काय दोष? सरकारी कॉलेजात अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा असतात, तिथे मुलं देशभरातून येणारच. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणजे पक्षाघात आणि ‘अंगावर जातंय’ म्हणजे भलतंच काही, हे त्यांना कोण सांगणार? ‘उन्हाळी लागली’ म्हटल्यावर लघवीची जळजळ आठवायला हवी, ऋतू नव्हे. आणि पुण्या-मुंबईच्या इंग्रजी शाळांतून आलेल्या आपल्या मराठी मुलांची गतही फार वेगळी नसते.

एमबीबीएसच्या २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत वर्गासाठी १७५ तास होते, त्यांतले ४० भाषा आणि संगणक या दोन्हींना मिळून. वागणूक, नीती आणि संवाद यांसाठी ‘एटकॉम’चे पाठही आले. तरतूद आहे. पण त्या ४० तासांत काय शिकवलं आणि दोन वर्षांनी वॉर्डात त्यातलं काय उरलं, यावरच्या संशोधनाचं एकही पोस्टर मला परिषदेत दिसलं नाही. दिसलं ते असं: अमुक पद्धतीने शिकवलं, मुलांना प्रश्नावली दिली, बहुतेकांना पद्धत आवडली. प्रशिक्षणाचा उपयोग किती झाला हे मोजायच्या कर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्यांमधली ही पहिलीच पायरी. कामात फरक पडला का, रुग्णाला फायदा झाला का, या वरच्या पायऱ्यांकडे कुणी फिरकलेलं दिसलं नाही. बढतीसाठी शोधनिबंध लागतात आणि नोंदणी टिकवायला क्रेडिट पॉइंट, तेव्हा झटपट होईल तेच होणार, हेही मला समजतं.

वॉर्डात रुग्णाचं बोलणं विद्यार्थ्यापर्यंत पोचवणारी दुभाषी म्हणजे सिस्टर, नाहीतर मावशी. तीच परिषदेत नसते, मग हा प्रश्न तिथे मांडणार कोण? मी गेले ती अर्जित रजा टाकून आणि पदरचे पैसे भरून. ‘ड्यूटी लीव्ह’ मागितली तर उत्तर मिळालं, ‘ती डॉक्टरांची परिषद ना?’ २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगला सेमिस्टर पद्धत आली, त्याच वर्षी फिजिओथेरपीसारख्या शाखांसाठी स्वतंत्र आयोगाचा कायदा झाला. म्हणजे संशोधन करण्याजोगं आमच्याकडेही चिकार आहे.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने हे मनावर घ्यावं असं मला वाटतं. १९९८ पासून मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, फिजिओथेरपी सगळे एका छपराखाली असलेलं विद्यापीठ आपल्याच राज्यात आहे. एका जिल्ह्यापुरतं का होईना, नर्सिंगच्या आणि एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी जोडीने वॉर्डात बसावं, रुग्ण तक्रार ज्या शब्दांत सांगतो ते शब्द टिपावेत आणि ऑस्कीच्या टेबलावर तेच शब्द बोलणारी एखादी मावशी बसवावी. तिला त्या दिवसाचा मेहनतानाही द्यावा. मग गुण किती पडतात ते छापा.

माझ्याकडे अशा शब्दांची एक दोनशे पानी वही आहे. मिरज, जत, कवठेमहांकाळ, शिवाय सीमेपलीकडून येणाऱ्या कानडी रुग्णांचं मराठी वेगळ्या पानांवर. कुणाला हवी असल्यास झेरॉक्स पाठवीन. पाकिटावर नावाआधी ‘डॉ.’ लिहू नये.

आपली,
एक निवृत्त सिस्टर ट्यूटर, मिरज