हेडफोन की ईअरफोन, आधी ऐकणार कुठे ते ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही हेडफोन खरेदीवर अख्खं पान दिलंत, बरं वाटलं, कारण हा विषय आमच्या घरात आणि आमच्या लेडीज डब्यातही रोजचा आहे. पण पान वाचून संपलं तरी मला जे हवं होतं ते काही सापडलं नाही. ड्रायव्हर, म्हणजे आतला आवाज काढणारा भाग, किती एमएमचा, बॅटरी किती तास चालते, बेस किती दणदणीत, सगळं होतं. फक्त माणूस ते कानाला लावून बसणार कुठे हे कुठेच नव्हतं, आणि माझ्या मते निम्म्याच्या वर निर्णय तिथेच होतो. म्हणून हे पत्र.

मी डोंबिवली ते सीएसएमटी रोज ये-जा करते, वीस वर्षं झाली. जाऊन येऊन अडीच तास लोकलमध्ये जातात आणि त्यातला बराचसा वेळ मी गाणं ऐकते, शास्त्रीय जास्त. लग्नाआधी शिकत होते, पुढे संसारात शिकणं सुटलं, ऐकणं मात्र सुटलं नाही.

चार वर्षांपूर्वी थोडे पैसे जमले तेव्हा एका दुकानात गेले आणि म्हटलं रोज ऐकायला चांगलं काहीतरी द्या. त्यांनी कान पूर्ण झाकणारा मोठा हेडफोन दाखवला, दोन्ही कपांना बाहेरून जाळी असलेला, ज्याला ओपन बॅक म्हणतात तो. दुकानात एसी, दार बंद, शांतता, आणि त्यात तानपुरा असा काही चहूबाजूंनी लागला की माझ्या डोळ्यात पाणी आलं. घेतला. दुसऱ्या दिवशी गाडी कोपरच्या पुढे जायच्या आत कळलं की गडबड झालीय. त्या जाळीतून गाडीचा सगळा खडखडाट सरळ आत येत होता आणि माझं गाणं बाहेर जात होतं, बाजूची बाई म्हणाली ताई जरा आवाज कमी कराल का, आणि मला तर आलाप अजून ऐकूच येत नव्हता! त्यात तो ३०० ओहमचा, म्हणजे नुसत्या फोनवर पुरेसा वाजतच नाही, त्याला वेगळा अँप, म्हणजे आवाजाला जोर देणारं यंत्र, लागतो. परत घेणार का विचारलं तर नाही म्हणाले. हेडफोनमध्ये दोष काहीच नव्हता, पण कुठे ऐकणार हा एक प्रश्न मला तिथे कोणी विचारला असता तर माझे पैसे वाचले असते.

मग पुण्याच्या भाच्याने मला १,८०० रुपयांचे वायरवाले आयईएम आणून दिले. इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या भोकात घट्ट बसणारे, वायर कानाच्या मागून घ्यायची. त्याने यातला इतिहासही सांगितला. मुळात हे स्टेजवरच्या कलाकारांसाठी आलं, १९९५ च्या सुमाराला जेरी हार्वी नावाच्या साउंड इंजिनियरने अॅलेक्स व्हॅन हेलन या ड्रमरसाठी असे मॉनिटर बनवले, कारण स्टेजवरच्या गोंगाटात त्याला धड ऐकू येत नव्हतं. मॉनिटर हे नाव तिथलंच. बाहेरचा आवाज अडवायचा म्हणजे आतला वाढवायला लागत नाही, हेच यातलं सगळ्यात मोठं काम, आणि लोकलमधल्या माणसाला दुसरं काय हवं असतं?

पण पहिल्या दिवशी लावले तर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, तबल्याचा डग्गा गायबच. मी भाच्याला फोन केला की अरे हे काही खरं नाही. तो म्हणाला मावशी, टिप बदलून बघ. डब्यात रबराच्या टोप्यांच्या तीन जोड्या होत्या, छोटी मधली मोठी, मी मधली लावलेली. रात्री जेवणं झाल्यावर निवांत बसले, नुसता तानपुरा लावला, काळी एक या सुरात लावलेला, आणि एकेक टोपी बदलत गेले. काळी एकला खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराची, तार ७० हर्ट्झच्या आसपास येते, कानात जराशी फट राहिली की पहिली तीच जाते, वरच्या तारा आपल्या झणझणत राहतात. उजव्या कानाला मधली टोपी बरोबर होती. डाव्याला ती आत जायचीच नाही, त्याला छोटी लागली. दोन कान वेगळ्या मापाचे असतात हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. मग दुसरा हात डोक्यावरून घेऊन कान वर आणि थोडा मागे ओढायचा आणि तेवढ्यात टोपी आत सारायची, की एकदम खर्ज लागतो, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक बंद होते. तो क्षण आला की समजायचं बसलं. ऑनलाइन जे लोक लिहितात ना, आयईएमला बेस नाही, पैसे फुकट गेले, त्यातल्या कितीतरी जणांची नुसती टोपी चुकलेली असणार असं मला खात्रीने वाटतं.

आता आवाजाचं. आधीच्या ढिल्या ईअरफोनवर मी लोकलमध्ये फोनच्या आवाजाच्या १५ घरांपैकी १४ वर ऐकायचे, आता ७ वर ऐकते, कधी ६. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं, पण ९० वर गेलं की तेच ४ तासांवर येतं. माझे लोकलमधलेच साडेबारा तास होतात. म्हणजे ९० वर ऐकत गेले तर मंगळवारी संध्याकाळी घरी परतेपर्यंतच आठवड्याचा कोटा खल्लास. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, आणि हे आमच्या डब्यातल्या कॉलेजच्या पोरींना कोणीतरी नीट सांगायला हवं, त्यांच्या कानातलं गाणं मला समोरच्या सीटवर ऐकू येतं.

तुम्ही म्हणाल मग नॉइज कॅन्सलिंगवाला मोठा हेडफोन का नको. माझी मैत्रीण वापरते, तिचा चांगला आहे, गाडीची एकसारखी घरघर तो छान खातो, गप्पा आणि हॉर्न मात्र बरेचसे येतातच. पण आमची अडचण वेगळी आहे, जी पुरुष लेखकांच्या लक्षात येत नाही. कानात झुमके असले की कप त्यावर दाबतो आणि तासाभरात कानाची पाळी दुखायला लागते. चष्म्याची दांडी कपाखाली आली की फट पडते आणि पुन्हा खर्ज जातो. अंबाडा घातला तर हेडफोनची डोक्यावरची पट्टी कुठे टेकवायची हाच प्रश्न. चौथ्या सीटवर अर्धं बसून गळ्यात हेडफोन, पर्स, डबा आणि ठाण्याला चढणारी गर्दी, एकदा मैत्रिणीचा हेडफोन कोणाच्या तरी बॅगेत अडकून पार दारापर्यंत ओढला गेला. आणि मे महिन्यात कानाभोवती जो घाम येतो त्याबद्दल न बोललेलं बरं.

आयईएमचे त्रास नाहीत असं नाही. वायर ओढणीवर घासली की कानात खरखर येते. चालताना स्वतःचीच पावलं डोक्यात वाजतात. पावसाळ्यात तर एक दिवस उजवी बाजू एकदम बारीक झाली, मला वाटलं कानच गेला की काय, पण आयईएमच्या तोंडाकडच्या त्या चिमुकल्या जाळीत दमटपणा बसला होता, चपलेच्या खोक्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्यांसोबत डबीत रात्रभर ठेवलं, सकाळी ठीक. आणि दमट हवेत कानात बुरशी होते हे कान-नाक-घसावाले डॉक्टर सांगतातच, म्हणून ओल्या कानात घालायचे नाहीत, टोप्या आठवड्याला साबणाने धुऊन वाळवायच्या आणि आपले आयईएम दुसऱ्याला द्यायचे नाहीत, नवऱ्यालाही नाही. मोठ्या हेडफोनचंही पावसाळ्यात काही कमी होत नाही म्हणा, आमच्याकडे एका जुन्याच्या गाद्यांचं रेक्झिन दोन वर्षांत सुटलं आणि कानामागे काळे कपचे चिकटायला लागले. कापडी गाद्या मिळाल्या तर त्या घ्याव्यात.

घरी मात्र मोठा हेडफोन. इथे मी दोन्हीकडून बोलतेय असं वाटेल, पण रात्री साडेदहानंतर दार लावून तोच ओपन बॅक, आता छोट्या अँपवर, लावला की आयईएम त्याच्या जवळपास येत नाही. आयईएममध्ये गायक कपाळाच्या आत बसून गातो, इथे समोर बसतो. डावा उजवा असे दोन तानपुरे असतील तर त्यांच्यामधली जागा कळते, दोन्ही जवाऱ्या, म्हणजे तारांचा झंकार, वेगळ्या ऐकू येतात. भाच्याकडे सेनहायझरचा एचडी ६०० आहे, १९९७ ला आलेलं मॉडेल, अजून लोक आवडीने घेतात, यावरून काय ते समजा. पण आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, संग्रहातली जुनी तीन-तीन मिनिटांची ७८ आरपीएमवरची गाणी लावली की हा फरक बराच कमी होतो. ती सगळी मोनो, आवाज मधोमधच येणार, त्यासाठी कोणी महाग हेडफोन घेऊ नये.

आबा ८३ वर्षांचे आहेत. त्यांना कानामागे बसणारं श्रवणयंत्र आहे, त्यामुळे आयईएमचा प्रश्नच नाही. त्यांच्यासाठी मोठा, खोल कपाचा हेडफोन यंत्राच्या वरूनच लावतो. कप उथळ असला की यंत्र शिट्टी मारतं, म्हणून दुकानात त्यांना घेऊन गेलो आणि पाच-सहा लावून बघितले. शिट्टी न येणारा एकच निघाला, तोही फार महाग नव्हता. आता ते दुपारी दोन तास भजनं ऐकतात. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी ऑनलाइन मागवू नये, सोबत न्यावं.

एक कळकळीची गोष्ट. गाडीतून उतरायच्या आधी मी दोन्ही बाजू काढून पर्समध्ये टाकते, प्लॅटफॉर्मवर चालतानाही नाही आणि रस्त्यावर तर नाहीच. हे इतकं घट्ट बंद होतं की मागून आलेल्या गाडीचा हॉर्नसुद्धा कळत नाही. रूळ ओलांडणारी, कानात वायरी घातलेली पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

तर तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी असं पान कराल तेव्हा प्रत्येक मॉडेलसोबत तीन गोष्टी छापा: सोबत किती मापांच्या टोप्या येतात, वजन किती, आणि बाहेरचा आवाज किती अडतो. हेडफोन ओपन आहे की क्लोज्ड, हे तर ठळक अक्षरात. दुकानदारांनाही सांगा की आयईएम ट्रायल द्यायचे नसतील तर नका देऊ, पण वेगवेगळ्या मापांच्या टोप्या तरी सुट्ट्या विकायला ठेवा. मला माझ्या डाव्या कानाची छोटी टोपी हरवल्यावर सगळं डोंबिवली स्टेशन फिरून मिळाली नाही, शेवटी भाच्याने पुण्याहून पाठवली.

कळावे,
एक वाचक, डोंबिवली पूर्व