रॉजरचा शेवट पाहायचा राहिलाय

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर हे निघालं की आई रडते आणि बाबा 'बरं, ठेवतो' म्हणतात, म्हणून लिहितोय. ऑक्टोबरात आम्ही दोघं लग्न करतोय. परवानगी मागत नाहीये, हे वाक्य तीनदा खोडलं आणि पुन्हा लिहिलं. रागावू नका. आठ वर्षं एकत्र आहोत, घराचं कर्ज दोघांच्या नावावर आहे. इथे कनेक्टिकट राज्यात 2008 पासून दोन पुरुषांचं लग्न कायद्याने होतं. मग आम्हीच का थांबायचं?

गेल्या उन्हाळ्यात इथे आपण 'द स्टेपफर्ड वाइव्ह्ज' पाहिला होता, 2004 चा, स्टेपफर्ड गावातले नवरे बायकांना यंत्रासारख्या आज्ञाधारक करून टाकतात तो. बायकोच्या तोंडातून नोटा निघतात तिथे आई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. त्यातला रॉजर आठवतो? भडक शर्टवाला, जेरीचा जोडीदार. मग त्यालाही तसंच बदलतात, आणि एकदम तो कोट घालून, भांग पाडून व्यासपीठावर उभा राहतो, निवडणुकीचा उमेदवार. बाबा, तुम्ही म्हणालात, "आता कसा माणसात आला!" तुमच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. पण मी उठून भांडी घासायला गेलो ते त्यामुळे.

त्या गावाला दोन पुरुष एका घरात राहतात याचं वावडं नव्हतंच. रॉजर मोठ्याने हसतो, भडक कपडे घालतो, ते खुपत होतं, आणि सगळ्यात जास्त खुपत होतं जेरीलाच. बायकांचंही तेच. बॉबी ज्यू, फटकळ, घरभर पसारा. तिलाही घासूनपुसून गप्प करतात. आयरा लेविनच्या 1972 च्या मूळ कादंबरीत शेवटाकडे गावात एक कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येतं. या सिनेमात मात्र मुख्य पात्रांमध्ये सगळे गोरेच. रॉजरला विनोदही ठरावीकच दिलेत, कपड्यांचे नाहीतर नखऱ्यांचे. तरी तो मला जवळचा वाटतो. सिनेमा 11 जून 2004 ला लागला, आणि शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात आमच्यासारखी पहिली लग्नं लागली त्याच वर्षी 17 मे ला. महिनासुद्धा झाला नव्हता!

आई, तुझी जांभळी साडी नेसून मी कपाटाच्या आरशासमोर नाचायचो. पदर घसरायचा म्हणून तू स्वतःच्या ब्लाउजची पिन काढून माझ्या खांद्यावर लावली होतीस. बाबांची चप्पल दारात वाजली आणि तू घाईघाईने साडी सोडलीस. ओढताना पिन बोचली, मी ओरडलो नाही. तू मला वाचवत होतीस गं. पण आता फोनवर 'चारचौघांत जरा साधा राहा' म्हणतेस ना, तेव्हा तीच पिन बोचते.

बाबा, तुम्ही रक्तदाबाची गोळी घ्यायला उठलात आणि तसेच झोपलात, त्यामुळे शेवट राहिला. रॉजर पुन्हा रॉजर होतो, आणि तसाच निवडून येतो.

तुमची खोली खालीच ठेवलीय, जिना चढायचा नाही. बाथरूममध्ये धरायला दांडा लावलाय. कणीक आणून ठेवलीय, पोळ्या तो करतो, आता बऱ्यापैकी गोल होतात. सकाळी बाबांचा बिनसाखरेचा चहा त्याच्याकडेच, गेल्या वेळसारखा.

आता ऐका. गोळ्या हातातल्या पिशवीत घ्या, सामानात नको, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा. प्रवासाचा विमा मी काढतो. आईने गुडघ्याचा पट्टा विमानात बसायच्या आधीच लावायचा, 'नंतर बघू' चालणार नाही. विमानतळावर व्हीलचेअर मागा, लाजू नका. टाउन हॉलमधून काढलेलं लग्नाचं लायसन्स 65 दिवसच चालतं, म्हणून तुमच्या तारखा कळल्याशिवाय आम्ही ते काढत नाही.

नाहीच जमलं यायला, तर त्या दिवशी फोन तरी उचला. काही बोलला नाहीत तरी चालेल.

आणि आई, ती जांभळी साडी अजून असेल तर घेऊन ये.

तुमचा,
धाकटा