हेडिंग्लेच्या स्टँडची दुसरी बाजू

महोदय,

इंग्लंडमधल्या लीड्सचं हेडिंग्ले मैदान म्हटलं की माझ्या पिढीला 1986 मधलं दिलीप वेंगसरकरांचं नाबाद शतक आठवतं. तुमच्या क्रीडा पानावरही लीड्स येतं ते कसोटीपुरतंच. पण तिथल्या एका स्टँडला दोन तोंडं आहेत. अलीकडे क्रिकेटचं मैदान, पलीकडे रग्बी लीगचं. त्या पलीकडच्या केविन सिनफिल्डवर कधी चार ओळी छापाव्यात, एवढ्यासाठी हे पत्र.

ओल्डहॅमचा हा पोरगा 1997 मध्ये, सोळाव्या वर्षी, लीड्स ऱ्हायनोज या रग्बी लीग क्लबकडून खेळायला लागला. 2003 मध्ये कर्णधार झाला. जागा लूज फॉरवर्डची, म्हणजे ऐंशी मिनिटं अंगावर टॅकल घ्यायचे आणि करायचे; वर गोलच्या किकाही यानेच मारायच्या. 2004 मध्ये लीड्सने 32 वर्षांनी लीगचं विजेतेपद मिळवलं. त्याच्या नेतृत्वाखाली अशी सात झाली. चॅलेंज कप, म्हणजे हरला की बाहेर अशी वेगळी स्पर्धा, मात्र हुलकावणी देत राहिला. 2010, 2011, 2012, ओळीने तीन अंतिम सामने गेले. हरलेल्या संघासमोर इतक्यांदा उभं राहूनही त्याचं कर्णधारपद टिकलं, हे मला सात विजेतेपदांइतकंच मोठं वाटतं. 2014 मध्ये तो कप हाती आला आणि 2015 मध्ये लीगमधले दोन आणि चॅलेंज कप असे तिन्ही करंडक जिंकून त्याने लीड्सचा निरोप घेतला.

खरी कर्णधारी त्यानंतरची. त्याचा संघसहकारी रॉब बरो, जेमतेम पाच फूट पाच इंचांचा, याला 2019 च्या अखेरीस मोटर न्यूरॉन आजार झाल्याचं कळलं; यात स्नायूंवरचा ताबा हळूहळू जातो. रॉबच्या जर्सीचा क्रमांक 7, म्हणून सिनफिल्ड 2020 च्या डिसेंबरात सात दिवसांत सात मॅरेथॉन धावला. या आजारासाठी निधी जमवायचा होता. उद्दिष्ट 77,777 पौंडांचं होतं, जमले त्याच्या कितीतरी पट. मे 2023 च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये त्याने रॉबची व्हीलचेअर सगळा रस्ता ढकलली. अंतिम रेषा दोन पावलांवर असताना थांबला, मित्राला दोन्ही हातांवर उचललं आणि तसंच पलीकडे नेलं. वर्षभराने, जून 2024 मध्ये, रॉब गेला.

एक बारीक विनंती. छापलंत तर नुसतं ‘रग्बी’ लिहू नका. हा तेरा जणांचा खेळ. पंधरा जणांचा तो रग्बी युनियन, आणि लीड्सच्या त्या यॉर्कशर परगण्यात ही गल्लत कुणी खपवून घेत नाही.

आपला एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे