डिझेलला वाफेचा मुखवटा कशाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा सरला की नेरळ–माथेरान गाडीच्या बातम्या सुरू होतात. गाडी कधी सुटणार, डबे किती, तिकिटांची बोंब किती. मला मात्र त्या गाडीच्या इंजिनाबद्दल लिहायचं आहे. मध्यंतरी परळच्या कारखान्यात या मार्गावरच्या एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचं रूप देण्यात आलं. पर्यटकांनी फोटो काढले, हौस झाली, ठीक आहे. पण वारसा म्हणून हे दाखवायचं, तर आजोबांना पणजोबांचा अंगरखा घालून फोटोला उभं करण्यातला प्रकार झाला. आजोबांचं स्वतःचं काही कर्तृत्व नव्हतं का?

आदमजी पीरभॉय कुटुंबाने ही गाडी 1907 साली सुरू केली. ओरेन्स्टाइन आणि कोपेल या जर्मन कंपनीची वाफेची इंजिनं 1982पर्यंत चालली. पण डिझेल त्यांच्या जागी एकाएकी आलं नाही. अर्नोल्ड युंग या दुसऱ्या जर्मन कारखान्याची डिझेल इंजिनं 1950च्या दशकातच तयार झाली होती आणि याच घाटात त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रवासी वर नेले. वाफेची इंजिनं निवृत्त झाली तेव्हा त्यांचं जे वय होतं, त्याच्या आसपास आज या युंग इंजिनांचं आहे. तरी जुनं म्हटलं की आपल्याला धूर आणि कोळसाच आठवतो.

दोन फुटी रूळ आणि वीस फुटांमागे एक फूट चढ. उतरताना तर इंजिनाच्या ब्रेकवर भागत नाही, डब्यांवर बसलेले ब्रेकवाले चालकाच्या शिट्टीबरहुकूम हाताने ब्रेक आवळतात. अशा घाटात टिकलेलं यंत्र नुसतं चौथऱ्यावर चढवून रंगवलं की जपलं, असं होत नाही. डिझेलच्या बाबतीत तर मुळीच नाही. त्यात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवायची की फवारलेलं तेल आपोआप पेटावं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, तेल फवारणारे नोझल तुंबले, तेल मोजून देणाऱ्या पंपाचं माप हललं की थंडीच्या सकाळी इंजिन ढिम्म उठत नाही. आणि उभं राहिलं की ते आतून बिघडतं: रबरी सील कडक होतात, पाण्याच्या वाटा गंजतात, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून बसतो. जुना फिटर धुराड्याकडे बघूनच दुखणं ओळखतो. काळा धूर म्हणजे तेल नीट जळत नाही, निळा म्हणजे वंगण वर चढतंय, पांढरा म्हणजे तेल न पेटताच बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरलंय. ही विद्या चौथऱ्यावरच्या इंजिनापाशी उभं राहून कोणाला येणार?

इंग्लंडमध्येही वाफेच्या भक्तांनी डिझेलला बरीच वर्षं नाकं मुरडली. गंमत म्हणजे लीड्सच्या मिडलटन रेल्वेवर जून 1960 मध्ये स्वयंसेवकांनी पहिली प्रवासी गाडी चालवली, ती ओढली एका डिझेल इंजिनाने, हन्सलेट कंपनीच्या 1932 सालच्या! उलट इंग्लंडमधलं मुख्य मार्गावरचं पहिलं डिझेल, 1947 सालचं क्रमांक 10000, भंगारात गेलं. आता काही हौशी मंडळी तसंच इंजिन नव्याने उभं करण्याच्या खटपटीत आहेत. भंगारात घालवलेलं पुन्हा घडवायला किती पैसा आणि किती उमर लागते, ते त्यांना विचारावं.

खर्च आणि सुरक्षेचा मुद्दा येणार, आणि तो रास्तही आहे. युंगने इंजिनं बनवणं केव्हाच थांबवलं, सुटे भाग बाजारात मिळणार नाहीत, कारखान्यात घडवावे लागतील. 2016 साली डबे घसरल्यावर गाडी बंद ठेवावी लागली होती, हेही कोणी विसरलेलं नाही. म्हणून जुनं इंजिन अख्ख्या घाटात रोज पळवा, असं माझं म्हणणं नाही. अमन लॉज ते माथेरान हा दोन-तीन किलोमीटरचा टप्पा आहे, तिथे शटल चालतेच. शिल्लक युंग इंजिनांपैकी एक मूळ रूपात दुरुस्त करून, रीतसर तपासणी करून, हंगामात ठरावीक दिवशी तिथे चालवावं. शक्य तिथे त्याच्या पोटातलं डिझेल यंत्र मूळचंच ठेवावं. बदलावं लागलं, तर निघालेलं यंत्र भंगारात न देता नेरळच्या शेडमध्ये लोकांना बघायला मांडावं.

दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका–शिमला गाड्या जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, माथेरान अजून संभाव्य यादीतच ताटकळतंय. आपल्याकडे मूळचं काय उरलंय, हे दाखवायला निदान एक नोंदवही तरी हवी. कुठलं इंजिन कुठे उभं आहे आणि त्याचे कोणते भाग मूळचे आहेत, ही यादी रेल्वेने जाहीर करावी. आणि या शेडमध्ये हयात घालवलेले निवृत्त चालक-फिटर नेरळ-कर्जत परिसरात आहेत. त्यांना बोलावून त्यांच्याकडची माहिती याच वर्षी लिहून घ्यावी, ते सगळे सत्तरीच्या पुढे आहेत.

आपला,
एक वाचक, कर्जत