धुक्यावर जगलेलं गाव

लानाई सिटी, हवाई

प्रिय सुहास,

माउईहून बोटीने लानाईला पोचलो. नाव 'सिटी', पण अख्ख्या बेटावर एक सिग्नल नाही. मधोमध डोल पार्क, भोवती पत्र्याच्या छपरांची रंगीत लाकडी घरं आणि त्यांच्यावर ताडमाड वाढलेले कुक पाईन. 1922 मध्ये जेम्स डोलने अननसासाठी जवळजवळ सगळं बेट विकत घेतलं आणि मजुरांसाठी हे गाव वसवलं. जपानी, फिलिपिनो कुटुंबं इथेच रुजली. 1992 मध्ये शेवटचा अननस निघाला. आज सुमारे 98 टक्के जमीन एकट्या लॅरी एलिसन या अमेरिकी अब्जाधीशाची आहे. माणसं पिढ्यान्‌पिढ्या तीच, आणि पायाखालची जमीन कायम दुसऱ्याची, हे मला फार लागलं.

पण तुला सांगायचंय ते केओमोकूचं. दर मे महिन्यात तुमच्या विहिरी मचूळ होतात, म्हणून इथे तुझी सारखी आठवण येत होती. पूर्व किनाऱ्यावरचं हे गाव, मातीच्या रस्त्याने जीपमधूनच जावं लागतं. 1899 मध्ये तिथे उसाची कंपनी आली, आगगाडीचे रूळ पडले, आणि 1901 मध्ये सगळं आटोपलं. विहिरींचं पाणी खारं झालं होतं. रुळांसाठी हेइआउचे, म्हणजे जुन्या देवस्थानाचे, दगड उचलले म्हणून देव कोपला, असं इथे सांगतात. किनाऱ्यावर गोड्या पाण्याचा थर खाऱ्यावर तरंगत असतो, उपसा वाढला की खारं वर येतं, हे तुला ठाऊकच आहे. तरी दगड हलवायला नको होते असं मलाही वाटतं. 1903 मधलं लाकडी चर्च अजून उभं आहे, बाकी गावावर झाडोरा माजलाय.

वरचं गाव टिकलं, त्यात झाडांचा मोठा हात आहे. माउईच्या डोंगरांमुळे इथे पाऊस कमीच पोचतो. जॉर्ज मन्रो हा इथल्या गुरांच्या रँचचा व्यवस्थापक. घराशेजारच्या पाईनवरून धुक्याचं पाणी पत्र्यावर टपटपताना त्याने ऐकलं आणि लानाईहाले या इथल्या डोंगराच्या माथ्यावर पाईन लावत सुटला. धुकं झाडांत अडतं, ठिबकतं, जमिनीत मुरतं. आंबोलीच्या रानात आपण भिजलो होतो ना, पाऊस नसताना? तेच हे.

उद्या काउनोलूला जायचंय. पहिला कामेहामेहा राजा मासेमारीला तिथे येऊन राहायचा. आता घरांचे दगडी चौथरे आणि हालुलू हेइआउ उरलंय. वाट वाईट आहे, जीपवाला हो म्हणाला तर जाईन.

विहिरीचं यंदा काय झालं ते सविस्तर लिही. काकूंना नमस्कार.

तुझा,
अविनाश