फसफसण्याने सफाई होते का?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

सिंक तुंबले, फरशीवर डाग पडले, किटलीत पांढरा थर बसला, काहीही झाले तरी घरगुती टिपांच्या सदरांत उत्तर एकच असते: खायचा सोडा टाका, वर व्हिनेगर ओता आणि फेस येऊ द्या. आपल्या पुरवणीतही ही टीप अधूनमधून दिसते, म्हणून हा पत्रप्रपंच.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, एक सौम्य अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ. त्याच्या द्रावणाचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचे माप, साधारण ८.३ असतो. व्हिनेगरमध्ये ५ टक्क्यांच्या आसपास ॲसेटिक आम्ल असते. दोन्ही वेगवेगळी वापरली तर कामाची आहेत. सोडा तेलकटपणा सैल करतो आणि त्याचे बारीक कण हलकेच घासतात. व्हिनेगर किटलीतला कॅल्शियम कार्बोनेटचा थर विरघळवते. एकत्र केली की मात्र दोघे एकमेकांचाच निकाल लावतात. मागे उरते ते पाणी आणि त्यात विरघळलेले सोडियम ॲसिटेट, जे सफाईच्या कामी जवळजवळ निरुपयोगी. फेस आणणारा कार्बन डायऑक्साइड वायू तर हवेत निघून गेलेला असतो. कुणी म्हणेल, एखादा पदार्थ जास्त पडला तर तो शिल्लक राहून काम करेलच की! करेल ना. पण मग तो एकटाच घातला असता तर दुसरा वाया गेला नसता.

हिशेब सोपा आहे. ८४ ग्रॅम सोड्याला ६० ग्रॅम ॲसेटिक आम्ल लागते. म्हणजे चमचाभर, समजा ५ ग्रॅम, सोडा ७० मिलिलिटर व्हिनेगर पार निकामी करतो आणि त्यातून सव्वा ते दीड लिटर वायू निघतो. लोक भुलतात ते या फेसाला. उघड्या नळीत हा वायू सोपी वाट धरून वर येतो. खाली अडकलेला केसांचा आणि साबणाचा गाळ जागचा हलत नाही. म्हणून कोणी झाकण घट्ट लावून बाटलीत हा खेळ करू नये, बाटली फुटते. हेच मिश्रण ग्लासात करून फेस ओसरल्यावर ग्लासच्या तळाला हात लावून पाहा, तो गार लागेल. ही अभिक्रिया उष्णता शोषून घेते. चिकट चरबी सुटायला ऊब हवी, इथे सगळे उलटेच!

या फेसाचे खरे काम पिठात. तिथे वायू चिकट पिठात कोंडला जातो आणि पीठ फुगते. नुसत्या आचेवर सोड्याचे विघटन होते, पण त्यातला निम्माच वायू सुटतो आणि मागे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, उरतो. साबणासारखी चव येते ती त्यामुळे. आम्लाची जोड मिळाली की सगळा वायू मोकळा होतो. बेकिंग पावडरमध्ये सोड्यासोबत कोरडे आम्ल आणि ओलावा शोषणारा स्टार्च घातलेला असतो तो यासाठीच. बॅटरीतले आम्ल सांडले तर त्यावर सोडा टाकतात; तिथे एकमेकांना निकामी करणे हाच तर हेतू असतो.

तेव्हा टीप द्यायचीच तर अशी द्यावी: तेलकट जागी ओलसर सोडा लावून घासा आणि धुऊन टाका. पांढऱ्या थरावर नुसते व्हिनेगर घालून थोडा वेळ थांबा. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सोडा लावू नका, ती काळवंडतात. तुंबलेल्या नळीला तार किंवा पंपच बरा. आणि व्हिनेगर ब्लीचमध्ये कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. बाकीचे छापायला जागा नसली, तरी ही एक ओळ सफाईच्या प्रत्येक टिपेखाली ठळक अक्षरांत द्यावी, ही विनंती.

आपला,
एक रसायनशास्त्र शिक्षक