गणपतीला आला नाहीस म्हणून

चि. मंदार,
अनेक आशीर्वाद.

काल गौरी-गणपतीचं विसर्जन झालं. पाऊस कोसळत होता, तरी वाडीतली सगळी माणसं भजन म्हणत व्हाळापर्यंत गेली. तुझी झांज सलग दुसऱ्या वर्षी बाळूनं वाजवली. जेवताना काकांनी विचारलं, "मंदार कित्याक नाय इलो?" मी म्हटलं, सुट्टी मिळाली नाही. खोटं बोललो. मग पडवीत दोघंच असताना ते हळूच म्हणाले, "ता औषध म्हणजे पण नशाच मां?" मला पटकन उत्तर देता आलं नाही, त्याचं रात्रभर वाईट वाटलं.

त्यात तुझा फोन, गर्दच्या, म्हणजे त्या हेरॉइनच्या, जागी सेंटरवर रोज घेतोस त्या मेथाडोनबद्दल. "पुढच्या वर्षापर्यंत मेथाडोन बंद करून टाकतो बाबा, मग गणपतीला येतो." फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहितोय. गणपतीसाठी बंद करू नकोस. माझ्यासाठी नको, काकांच्या तोंडासाठी तर मुळीच नको.

मी तुझ्यावर काय काय केलंय ते मला आठवतं. तुला मागच्या खोलीत कोंडलं, बाहेरून कडी लावली. टर्कीत, गर्द न मिळाल्यानं अंग तुटत असताना, तू भिंतीला पाठ घासत होतास, उलट्या करत होतास, आणि मी दाराशी बसून म्हणत होतो, चार दिवस सोस, सुटशील. मग महिनाभर त्या व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तू गर्दशिवाय महिना काढून आलास तेव्हा मी पेढे वाटले. तिसऱ्या दिवशी बाथरूमचं दार तोडावं लागलं. ओठ निळे पडले होते, श्वास एक आला की दुसरा येईल की नाही असं वाटत होतं. हॉस्पिटलात गर्दचा अंमल उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन दिल्यावर तू डोळे उघडलेस. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभरात शरीराची सवय उतरलेली असते, आणि पोरगं जुन्या मापानंच घेतं. बरा होऊन आलेलाच पोरगा असा जातो. आम्हाला हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

म्हणून 'बंद' हा शब्द ऐकला की मला ते दार दिसतं.

काकांना आज सकाळी नीट सांगितलं. म्हटलं, गर्दचा अंमल चार-सहा तासांत उतरतो, की पोरगं परत धावायला लागतं. दिवसभर तेच, पैसे आण, माल शोध, पन्नीवर ओढ. मेथाडोन अंगात दिवसभर पुरतं. डोस बरोबर बसला की टर्की येत नाही, आणि नशाही चढत नाही. माणूस कामाला जातो, जेवतो, झोपतो. न्यूयॉर्कला व्हिन्सेंट डोल आणि मारी निस्वांडर या डॉक्टरांनी २२ पेशंटांवर हेच करून पाहिलं आणि १९६५ साली लिहून दाखवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत २००५ पासून ते आहे. काकांनी सगळं ऐकलं, मग म्हणाले, "मगे तो कामार जाता मां?" जातो म्हटलं, रोज. त्यावर त्यांनी मान हलवली. त्यांना तेवढंच कळायला हवं होतं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. गेल्या वर्षी तुझी टीबीची औषधं सुरू झाली आणि काही दिवसांत तू पुन्हा घामाघूम, जांभया, नाक गळतंय, पाय आखडतायत. मी तू झोपलेला असताना तुझ्या पँटचे खिसे तपासले. गर्द ओढायची चुरगळलेली चांदी शोधत होतो. बसचं तिकीट आणि पेपरमिंट मिळालं. नंतर सेंटरच्या डॉक्टरांनी सांगितलं की टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे मेथाडोन शरीरातून लवकर निघून जातं, डोस अपुरा पडतो. त्यांनी तो ७० वरून हळूहळू ९० मिलिग्रॅमवर नेला, आणि टीबीचा कोर्स संपल्यावर परत उतरवला. तू खरं बोलत होतास. मला माफ कर.

कधीतरी कमी करावंसं वाटलं तर ते डॉक्टरांबरोबर, महिनोन्‌महिने, थेंबाथेंबानं. मनानं नाही. आणि लागलंच तर वर्षानुवर्षं घे, माझी काही हरकत नाही. सलग तीन दिवस चुकले तर चौथ्या दिवशी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जुना डोस घेऊ नकोस, हे तुला माहीत आहे, तरी लिहितो. दारू आणि झोपेच्या गोळ्या अजिबात नकोत. मेथाडोनबरोबर त्या श्वासच बंद पाडतात. मित्राच्या लग्नात कुणी एक पेग पुढे केला तरी नको. ईसीजी या महिन्यात काढायचा आहे, कार्ड टीव्हीखालच्या खणात आहे.

पहिल्या आठवड्यात मी तुझ्याबरोबर सेंटरवर यायचो ते आठवतं का? खिडकीतून सिस्टर औषधाचा प्याला देते, मग पाणी, आणि मग म्हणते, "नाव सांग." तोंडात धरून ठेवलेलं नाही ना, हे बघायला. तू पहिल्या दिवशी मान खाली घालून पुटपुटलास. सिस्टरनं परत विचारलं. मग तू बापाच्या नावासकट पूर्ण नाव सांगितलंस. त्या आधी किती वर्षांत माझं नाव तुझ्या तोंडून ऐकलं नव्हतं.

आम्ही गुरुवारी पहाटे दादरला उतरू. आई सामान घेऊन घरी जाईल, मी थेट सेंटरवर येतो. तुझ्या वाटणीच्या करंज्या वेगळ्या डब्यात ठेवल्या आहेत. कामावर जायच्या आधी बाहेर कट्ट्यावर बसून चहाबरोबर खाऊ.

तुझा,
बाबा